मायाक्काला बोलावणं होतं

“गुन्हा कबूल आहे का?” तडवीसाहेबांनी विचारलं.

याचं उत्तर काय द्यायचं, ते मी माझ्या अशिलाकडून व्हरांड्यात चांगलं घोटून घेतलं होतं. घोटायला फार काही नव्हतंच, एकच शब्द होता. हो म्हणायचं आणि गप उभं राहायचं, असं मी बजावलं होतं आणि तिने मान हलवली होती. मान हलवणं म्हणजे होकार नव्हे, हे वकिलीच्या कॉलेजात कुणी शिकवत नाही.

मायाक्का गोफणेने डोक्यावरचा पदर सारखा केला, पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, “न्हाई.”

लिहिता लिहिता साहेबांचं पेन थांबलं. सरकारी वकील गुजर जांभई देत होते, ती अर्धीच राहिली. शनिवारच्या दिवशी सोनवलीच्या कोर्टात ‘नाही’ हा शब्द सहसा कुणाच्या कानावर पडत नसे.

आमचं फौजदारी कोर्ट तालुक्याचं, म्हणून खटलेही तालुक्याच्या मापाचे. त्यातले निम्मे चारशे सत्तेचाळीसचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत वाईट हेतूने शिरल्याचे. कुणी बांध कोरला, कुणी चुलत्याच्या आंब्याखाली बाज टाकली, कुणी भावकीच्या गोठ्यात आपली म्हैस बांधली. मूळ भांडण लग्नात मानाचा टॉवेल न मिळाल्याचं असायचं, पण पोलीस ठाण्यात जाताना त्याला चारशे सत्तेचाळीसचा सदरा चढवून नेत. असे खटले मिटायच्या वाटा ठरलेल्या होत्या. आरोपी शनिवारी येऊन ‘कबूल’ म्हणायचा, साहेब किरकोळ दंड सांगायचे आणि वर कोर्ट उठेपर्यंत कैद. ती कैद मागच्या बाकावर बसून भोगायची. खेमा पट्टेवाला त्या कैद्यांना चहासुद्धा आणून द्यायचा, आणि संध्याकाळी साहेब खुर्चीवरून उठले की शिक्षा संपली. नाहीतर दोन्हीकडची माणसं बाहेर टपरीवर बसून समेट करायची आणि तडजोडीचा कागद द्यायची. तेही जमलं नाही तर तारखांवर तारखा पडत राहायच्या, फिर्यादी थकेपर्यंत.

मला वकिली सुरू करून जेमतेम वर्ष झालेलं. मायाक्काला वकील करायची ऐपत नव्हती, म्हणून सरकारी खर्चाने तिच्यासाठी माझी नेमणूक झाली होती. अशा नेमणुकीचे खटले चटकन निकाली काढावेत, अशी सगळ्यांचीच अपेक्षा असायची. माझीही होती.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तडकलेच. संध्याकाळपर्यंत सुटून गेला असतात, आता दर महिन्याला हेलपाटे घाला, असं बरंच काही बोलले. मायाक्का म्हणजे साठीची बाई, उन्हाने रापलेली, कपाळावर मोठं कुंकवाचं गोंदण. माझं बोलून संपलं तेव्हा ती पायरीवर बसली आणि मलाही हाताला धरून बसवलं.

“लेकी, कबूल म्हनलं की संपलं, असं तू म्हन्तीस. माजं तितनं सुरू व्हतंय,” ती म्हणाली. “आमी धनगरं. सालातलं आठ म्हैनं आमी मान्साच्या रानात निजतो. आमचं सोताचं रान न्हाई आन् दारही न्हाई. तरी लोक आमाला बोलावत्यात, का? तर गोफण्याचा वाडा बोलावल्याबिगर कुनाच्या बांधावर पाय देत न्हाई, म्हनून. आता सरकारच्या कागदावं लिवलं की मायाक्का चोरावानी शिरली, तर म्होरच्या गावात मला रानात कोन घेईल?”

दंड किती, कैद किती, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ज्या एका गोष्टीवर तिचं घर चालत होतं, नेमकी तीच आरोपपत्रात नाकारली होती.

खटल्याची हकिगत एवढीच. कार्तिकात भात कापून झालं की घाटाच्या त्या बाजूचे धनगर आमच्या भातपट्ट्यात उतरायचे. रात्री मोकळ्या खाचरात वाघर लावायची, म्हणजे जाळ्यांचं कुंपण करून त्यात मेंढरं बसवायची. मेंढरांच्या लेंड्यामुताने रान कसदार होतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घ्यायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. हिरवडी गावात मायाक्काचा वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा सगळा तळ, वर्षानुवर्षं पडवळांच्या शेतात उतरत आला होता. नवरा गेल्यावर तिनेच मुलगा आणि सून हाताशी धरून मेंढरांची खांड सांभाळली होती.

त्या वर्षी पडवळांच्या दोघा भावांच्या वाटण्या झाल्या होत्या आणि बोलणं बंद झालं होतं. थोरल्या हरिभाऊला वरची खाचरं गेली, धाकट्या बबनला ओढ्याकडची खालची पट्टी. बबन शहराजवळच्या कारखान्यात कामाला. आठवड्याच्या सुट्टीला गावी यायचा आणि शेत त्याची बायको हौसा बघायची. मायाक्काची मेंढरं खालच्या पट्टीत बसली त्याच रात्री कारखान्यात कसलं तरी यंत्र मोडलं, आणि बबन एक दिवस आधीच पहिल्या गाडीने घरी आला. पाहतो तर आपल्या रानात दादाची धनगरं. दादानेच ही मेंढरं आपल्या उरावर आणून घातली, असं त्याने धरलं आणि तसाच पोलिसात गेला. हवालदाराने येऊन मालक कोण म्हणून विचारलं. मुलगा पुढे व्हायच्या आत मायाक्का म्हणाली, “म्या.” असं तिचं नाव लागलं.

“मग तुम्हाला बोलावलं कुणी? हरिभाऊंनी?” मी विचारलं. तसं असेल तर काम सोपं होतं. एका भावाच्या बोलावण्यावरून चुकून दुसऱ्याच्या शेतात गेली म्हणजे वाईट हेतू नाही, आणि हेतू नाही म्हणजे गुन्हा नाही.

“हरिभाऊनं न्हाई बोलावलं.”

“मग?”

“बोलावनं व्हतं. कुनाचं ते सांगनार न्हाई.”

“मला एकटीला सांगा. कोर्टात नका सांगू.”

“तू वकील हायेस. तुला कळलं की तुज्या तोंडातनं कवातरी निगंल,” ती म्हणाली आणि हसली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

त्यानंतर वर्षभर तिने एकही तारीख चुकवली नाही. खांड कुठे का असेना, मुलाला आणि सुनेला मागे ठेवून ती यायची, कधी चालत, कधी एसटीने, कधी ट्रकच्या मागे बसून. उन्हाळ्यात एकदा काखेत कोकरू घेऊन आली, कारण त्याची आई मेली होती आणि दर थोड्या वेळाने त्याला दूध पाजावं लागत होतं. खेमाने ते बाहेर धरलं, पण पुकारा होताच ते असं ओरडायला लागलं की साहेबांनी हातातला खटला बाजूला ठेवून आधी मायाक्काचा घेतला. गुजर प्रत्येक तारखेला तिला समजवायचे. मावशी, आज शनिवार आहे, कबूल म्हणा आणि सुटा. ती त्यांच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायची आणि पिंजऱ्यात जाऊन ‘न्हाई’ म्हणायची. गुजर शेवटी शेवटी तिच्याकडे बघून नुसते हात जोडत.

पावसाळ्यात ती घाटापलीकडे गावी असायची, तिथून एका दिवसात येणं होत नसे. आदल्या संध्याकाळी येऊन खेमाच्या घरी उतरायची. खेमाची बायको तिला थोरली बहीण म्हणायला लागली होती. आरोपीने पट्टेवाल्याकडे उतरू नये, असं मी कुरकुरले, तर खेमा म्हणाला, “मॅडम, ती आरोपी सकाळी अकरापासून. त्याच्याआधी ती पाहुणी.” यावर कुठलं कलम लावायचं ते मला सुचलं नाही.

बबनही यायचा. उंच, सडसडीत, घडीचा शर्ट घालून. माझ्याकडे किंवा मायाक्काकडे न बघता बाकावर बसायचा. तारीख पडली की बायकोला म्हणायचा, “चल.” ती हौसा मला मुळीच आवडत नसे. कारखानदाराची बायको असावी अशी मान ताठ. मायाक्का शेजारून गेली तरी नजर वळवायची नाही. बायका एकमेकींना काही नाही तरी ‘बरं आहे का’ म्हणतात, हिने तेवढंही कधी म्हटलं नाही. मायाक्कासुद्धा तिच्याकडे बघत नसे.

आणि मग त्या खालच्या पट्टीत भात आलं.

हिरवडीचा एक अशील माझ्याकडे होता, त्याने पहिल्यांदा सांगितलं. ओढ्याकडची ती पट्टी म्हणजे वाटणीत मिळालेलं मूठभर दुःख, असं गाव म्हणायचं. त्या वर्षी तिथे असं भात उभं राहिलं की रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. वरच्या खाचरांत हरिभाऊने त्या साली मेंढरं बसवलीच नव्हती. पोलिसांचं झंगट झाल्यावर धनगर थांबतील कशाला. त्याचं भात यथातथाच. गावातली कारटी बबनला विचारायची, “काका, गुन्ह्याचं पीक कापायला कधी घेताय?” बबन म्हणे तोंड फिरवून निघून जायचा.

पुराव्याची तारीख पडली तेव्हा कापणी होऊन गेली होती. कोर्टाबाहेर ऊन कोवळं होतं आणि आत सगळा हिरवडी गाव लोटला होता. शिक्षा झाली की मायाक्काचा वाडा यंदा या पट्ट्यात कुठेच उतरणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मला तर रात्रभर झोप नव्हती. माझ्याकडे साक्षीदार नव्हता, कागद नव्हता. होती ती एक बाई, जी बोलावणं होतं म्हणते आणि कुणाचं ते सांगत नाही.

बबनने साक्ष दिली. पहाटे आलो, माझ्या शेतात मेंढरं होती, मी कुणाला बोलावलं नव्हतं. शब्दही वावगा नाही. मी उलटतपासणीला उभी राहिले. आदल्या रात्री विचार करकरून मला एक फट सापडली होती.

“आदल्या दिवशी तुम्ही गावात नव्हता?”

“नव्हतो.”

“म्हणजे तुमच्या माघारी कुणी या बाईंना बोलावलं असेल, तर तुम्हाला ते ठाऊक असायचं कारण नाही?”

“दादानं बोलावलं असंल. त्याला अधिकार काय?”

“दादाचं राहू द्या,” मी म्हणाले. “तुमच्या स्वतःच्या घरातल्या कुणी बोलावलं नाही, असं तुम्ही शपथेवर सांगू शकता?”

“बाई,” पिंजऱ्यातून मायाक्काचा आवाज आला. “ह्यो सवाल मागं घ्या.”

वर्षभरात तिने मला पहिल्यांदाच अहोजाहो केलं होतं. साहेब म्हणाले, आरोपीने मध्ये बोलू नये, त्या तुमच्याच वकील आहेत. मायाक्का म्हणाली, “म्हनून तर सांगत्ये साहेब. दुसऱ्याची असती तर कसं सांगितलं असतं?”

मी तिच्याकडे पाहिलं. ती विनवत नव्हती. माझी आजी जेवताना ताटावरून उठायचं नाही म्हणून सांगायची, तशी ती मला सांगत होती. माझ्या हातात आलेला खटला हातानेच सोडून द्यायचा होता. मनातून चडफडत मी म्हणाले, “प्रश्न मागे घेते.”

बबनने उत्तर दिलंच नव्हतं. तो दाराजवळच्या बायकांच्या बाकाकडे बघत होता. तडवीसाहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मायाक्काकडे, आणि पेनाला टोपण लावलं. नंतर कितीतरी साहेबांपुढे मी उभी राहिले, पण समोरच्या माणसांची तोंडं इतक्या लक्ष देऊन वाचणारा न्यायाधीश मला पुन्हा भेटला नाही.

“बबनराव,” साहेबांनी विचारलं, “मेंढरांनी तुमचं नुकसान काय केलं?”

बबन शर्टाची बाही सारखी करायला लागला.

“यंदा त्या पट्टीत भात कसं आलं?”

“बरं आलं.”

“बरं म्हणजे?”

मागून कुणीतरी खुसखुसलं. बबनचे कान तांबडे झाले. “गळ्याला लागलं,” तो म्हणाला. शपथेवर होता, आणि माणूस खोटा नव्हता.

साहेबांनी साक्ष तिथेच थांबवली. चारशे सत्तेचाळीस हा तडजोडीचा गुन्हा आहे, ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याची तक्रार राहिली नाही तर खटला मिटतो, असं त्यांनी दोघांना साध्या भाषेत समजावलं. आणि मायाक्काकडे बघत मुद्दाम सावकाश म्हणाले, “तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटतो. निर्दोष. दंड नाही, शिक्षा नाही, गुन्हेगार म्हणून नाव नाही.” मग बोलून घ्या म्हणाले आणि आत चहाला गेले.

गुजरांकडे तडजोडीचा मजकूर तयार असायचा. नुसती नावं घालायची. त्यांनी तो वाचून दाखवला. आरोपीने आपली चूक मान्य करून फिर्यादीची माफी मागितल्याने फिर्यादीची आता काही तक्रार नाही. असे कागद आम्ही आठवड्याला चार करत होतो. मला तर वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

“माफी कशापायी?” मायाक्काने विचारलं.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की हे नुसते शब्द आहेत, असेच लिहितात, पुढे कुणी वाचत नाही. ती म्हणाली, “मला वाचता येत न्हाई म्हनून तर मला शब्दाचं भ्या वाटतं.” बबन तोवर उभा राहिला होता. “माफी मागायची नसंल तर ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “मला काय घाई न्हाई. अजून चार वर्षं चालू द्या.” त्याचा आवाज चढला होता, पण नजर चढलेली नव्हती. इतकी माणसं बघत असताना त्याला मागे फिरायला वाटच नव्हती, हे मला आता कळतं. तेव्हा मला तो नुसता हट्टी वाटला.

मायाक्का चालत त्याच्यासमोर गेली. वर्षभरात पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलत होती.

“बबनराव, तुमची आजी मला लेकीवानी बोलावायची. तुमी मला माफी देऊ नगा. मला बोलवा.”

“काय?”

“ह्या साली पट्टीत मेंढरं बसवायला बोलवा. गावासमोर बोलवा. तुमच्या बोलावन्यानं आले तर मागचं समदं मिटलं. तुमची तक्रार न्हाई, माजा गुन्हा न्हाई.”

 ज्या शेतात शिरली म्हणून खटला, त्याच शेतात फिर्यादीने आरोपीला बोलवायचं. गुजरांनी चष्मा काढून पुसला. हसायचं की काय करायचं, ते कुणालाच कळेना. मला मात्र तिचा डाव उमगला. माफी मागितली असती तर ती खाली आली असती. बबनने नुसती तक्रार मागे घेतली असती तर तो खाली आला असता. बोलावण्यात दोघंही ताठ उभी राहत होती. हे तिने मला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्षभर मेंढरांमागे चालताना तिने ते मनाशी बांधलं असणार.

बबन बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. मग घड्याळालाच म्हणाला, “या बसायला.”

“तसं न्हाई,” मायाक्का म्हणाली. “ह्ये बाप्याचं काम न्हवं. तुमच्या गावची रीत तुमाला ठावं हाय.”

ही रीत मला ठाऊक नव्हती, आत येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या साहेबांनाही नव्हती. मायाक्कानेच सांगितली. हिरवडीत मेंढरांना बोलावणं पुरुष करत नाहीत. नव्या भाताचे तांदूळ ओंजळीत घेऊन घरची बाई धनगरणीच्या पदरात घालते. पदरात तांदूळ पडले की शब्द झाला. मग आभाळ कोसळलं तरी ठरल्या रात्री मेंढरं त्या रानात बसतात.

“इथे आता तांदूळ कुठून आणायचे?” साहेबांनी विचारलं. खेमा म्हणाला, समोरच्या दुकानातून आणतो.

बायकांच्या बाकावरून हौसा उठली. तीच ती ताठ मान. लोकांमधून वाट काढत पुढे आली. मायाक्कासमोर उभं राहून तिने कमरेला खोचलेलं पदराचं टोक काढलं, त्याची गाठ दातांनी सोडवली आणि उघडलं. आत तांदूळ होते. नव्या भाताचे, ओंजळभर.

सगळं कोर्ट त्या तांदळांकडे बघत होतं. कोर्टात तारखेला येणारी बाई पदरात नवे तांदूळ बांधून कशाला आणेल? मला ते कळायला एक क्षण लागला, गावाला तेवढाही लागला नसेल. गेल्या साली नवरा कामावर असताना, दिराच्या घरच्यांशी बोलणं बंद असताना, ओढ्याकडच्या त्या निकस पट्टीत राबणाऱ्या हौसाने याच हातांनी मायाक्काच्या पदरात तांदूळ घातले होते. नवरा एक दिवस आधी आला, पोलीस घेऊन आला, आणि तिची जीभ उचलली नाही. मायाक्काने त्या पहाटे तिचा चेहरा पाहिला आणि स्वतःची जीभ चावून धरली. वर्षभर, माझ्यापुढेसुद्धा.

हौसाने ते काठोकाठ ओंजळीत घेतले. ती मायाक्काकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.  बबन त्या तांदळांकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर मला आश्चर्य दिसलं नाही. कधीतरी, भात गळ्याला लागताना, त्याने हिशेब जुळवला असावा.

“घाल,” तो म्हणाला. “सांडतील.”

हौसाने तांदूळ पदरात घातले. मायाक्काने पदर कपाळाला लावला. तडवीसाहेब खुर्चीत जाऊन बसले आणि गुजरांना म्हणाले की तो छापील मजकूर राहू द्या, नवीन कागद घ्या. त्यावर एवढंच लिहिलं गेलं, की फिर्यादीच्या घरातून आरोपीस शेतात मेंढरं बसवण्याचं बोलावणं आहे, फिर्यादीची तक्रार नाही. कधीचं बोलावणं ते साहेबांनी लिहू दिलं नाही. बबनने सही केली, मायाक्काने अंगठा उठवला, आणि ‘निर्दोष’ हा शब्द साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवला. तो ऐकताना ती म्हातारी डोळे मिटून उभी होती. माझे डोळे भरून आले होते, आणि वकिलाने कोर्टात रडू नये हा नियम मी त्या दिवशी मोडला.

बाहेर चिंचेखाली बबन हवालदाराशी बोलत थांबला तेव्हा हौसा धावत मायाक्काकडे आली आणि तिच्या पायांवर वाकली. शिक्षा झाली असती तर कोर्टातच तांदूळ पदरात घालून सगळं सांगून टाकायचं ठरवून आले होते, घरातून हाकललं असतं तर हाकललं असतं, असं ती हुंदके देत सांगत होती. मायाक्काने तिला उठवून उभं केलं.

“वर्सभर वळख दाखवली न्हाईस, ब्येस केलंस,” ती म्हणाली. “आता बोल माज्याशी.”

मला राहवलं नाही. एवढ्या तारखा, एवढी पायपीट. एक नाव सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी मी तुम्हाला सोडवलं असतं, मी म्हणाले. शिवाय ते नाव खरं होतं.

मायाक्का माझ्याकडे वळली. तिने पदरातले तांदूळ सावरून त्याला घट्ट गाठ मारली.

“लेकी, मला बोलावत्यात त्या बायाच,” ती म्हणाली. “कुनाचा नवरा घरी नसतो, कुनाचं दिराशी पटत न्हाई, कुनाला सासू इचारीत न्हाई. रान पिकावं म्हनून गुपचूप तांदूळ घालत्यात. हिचं नाव म्या कोर्टात घेतलं असतं, तर म्होरच्या गावातल्या कुठल्या बाईनं माज्यापुढं वंजळ धरली असती?”

बबनने लांबून हाक मारली, दिवस मावळायच्या आत पोचायला हवं, पट्टीच्या कडेने त्याने काटेरी कुंपण घातलं होतं ते काढायचं होतं. मग पुढे बबन, त्याच्या मागे हौसा आणि हौसाच्या बरोबरीने मायाक्का अशी तिघं हिरवडीच्या वाटेला लागली.